परीक्षेत न येणारं कराटे

मुलीचं नाव घालायला येणारे पालक पहिला प्रश्न फीचा विचारतात आणि दुसरा, "मॅडम, ब्लॅक बेल्ट व्हायला किती वर्षं लागतील?" तिसरा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते, आवाज जरा खाली आणून. "पण वेळ आली तर हिला खरंच उपयोग होईल ना?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्या पत्रकावर छापलेली आहेत. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असंच आहे, पण ज्या चित्राकडे बघून आई तो प्रश्न विचारत असते, ते चित्र चुकीचं असतं. तिच्या डोळ्यांपुढे उंच लाथ मारून गुंडाला आडवं करणारी मुलगी असते. डोंबिवलीत इतकी वर्षं शोतोकान कराटे शिकवताना मी तसं घडलेलं एकदाही पाहिलेलं नाही. जे पाहिलं ते वेगळं आहे, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना बेल्ट परीक्षेत एकही गुण नाही.

आमचा वर्ग कसा चालतो ते आधी सांगते. शाळेचा हॉल, पांढरे ड्रेस, उंचीप्रमाणे ओळी. मी इची, नी, सान, शी मोजते, आणि प्रत्येक आकड्याला चाळीस मुठी एकदम पुढे जातात. सुटे प्रकार म्हणजे किहोन, ठरलेल्या हालचालींची मालिका म्हणजे काटा, जोडीदाराबरोबरची लढत म्हणजे कुमिते. नव्या पालकांना वाटतं की ही शिस्त हजार वर्षांची आहे. ती जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे आणि तिचा जन्म शाळेतच झाला. ओकिनावा हे पूर्वीचं र्‍युक्यू राज्य. जपानने 1879 साली ते आपला प्रांत करून टाकलं. तिथले जुने गुरू इतोसु आंको यांनी 1901 च्या सुमारास शुरी गावातल्या प्राथमिक शाळेत कराटे नेलं आणि 1908 साली दहा कलमांचं एक पत्र लिहून ते सगळ्या शाळांत का शिकवावं, हे मांडलं. मुलांची शरीरं बळकट होतील आणि पुढे सैन्यालाही उपयोग होईल, हा त्यांचा मुद्दा. मुलांसाठी त्यांनी पाच सोपे काटे बसवले. तेच आज आमच्याकडे हेयान या नावाने शिकवले जातात.

त्याआधी कराटे चारचौघांत शिकवलंच जात नव्हतं. एक गुरू, एक-दोन शिष्य, रात्रीची वेळ, घराचं अंगण. शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी लहानपणी असेच रात्रीचे आझातो गुरुजींच्या अंगणात जात आणि एकच काटा महिनोन्महिने घोटत. त्या अंगणात शिकवणारा हातात हात घालून दाखवत असणार की इथे मनगट धरलं, इथे केस, इथे ढकललं. शाळेच्या मैदानावर शंभर पोरांपुढे ते शक्य नव्हतं आणि इष्टही नव्हतं. हालचाली टिकल्या, त्यांचा वापर मागे पडला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला ते पटतं, कारण माझ्या हॉलमध्येही नेमकं तेच होत असतं.

उदाहरण म्हणून हिकिते घ्या. एक मूठ पुढे जाते तेव्हा दुसरी वेगाने मागे येऊन कमरेवर बसते. परीक्षेत आम्ही बघतो की कोपर बाहेर गेलं का, मूठ बरगडीच्या किती वर आहे. मुलगी विचारते, "मॅडम, हात कमरेवर ठेवला तर तोंड उघडं नाही का पडत?" प्रश्न अगदी बरोबर आहे. रिकामा हात कमरेवर नेणं लढाईत वेडेपणाच. पण तो हात रिकामा नसेल तर? त्यात समोरच्याची बाही असेल, मनगट असेल, तर ओढणारा हात आणि मारणारा हात मिळून एकच काम होतं. त्याला ओढून तोल घालवायचा आणि तो येतोय त्याच दिशेने ठोसा द्यायचा. एवढं एकदा जोडीने करून दाखवलं की मुली हिकितेत कधीच आळस करत नाहीत.

अगदी पहिला काटा, हेयान शोदान, यलो बेल्टला असतो. त्यात सुरुवातीलाच एक हालचाल आहे. उजव्या हाताचा खालचा बचाव झाल्यावर पुढचा पाय मागे घ्यायचा, हात गोल फिरवून सोडवायचा आणि मुठीची खालची बाजू हातोड्यासारखी आणायची. ही मनगट सोडवण्याची हालचाल आहे. दहा वर्षांची पोरं ती शेकडो वेळा करतात, पण हवेत. एके दिवशी मी जोड्या लावते आणि सांगते, "आता धरा. खरं धरा, खोटं नको." मग हसणं सुरू होतं, आणि मग हळूहळू थांबतं, कारण हात सुटत नाही. ज्यांनी काटा सुंदर केला त्यांचाही सुटत नाही. त्या मागे ओढत राहतात आणि मागे ओढण्याच्या खेळात वजनदार माणूस जिंकतो. मग सांगावं लागतं की कोपर पोटाजवळ आण, त्याच्या अंगठ्याच्या बाजूने फिरव, आणि मुख्य म्हणजे मागे नाही, त्याच्याकडे अर्धं पाऊल पुढे जा. हे पुढे जाणं सर्वांत अवघड. ज्याच्यापासून पळायचंय त्याच्या जवळ जायचं, हे शरीराला पटायला वेळ लागतो. काटा म्हणजे पाढे. सतराचा पाढा खडाखडा म्हणणारा मुलगा भाजीवाल्याकडून सुटे पैसे बरोबर घेऊन येईलच असं नाही, पण पाढे न येणाऱ्यापेक्षा त्याला ते लवकर शिकवता येतं.

डोंबिवलीच्या बायकांना अंतर नसलेल्या लढाईबद्दल मी काही नव्याने सांगायला नको. सकाळच्या फास्ट लोकलला, शेअर रिक्षात, स्टेशनच्या पुलावर माय-गेरी, म्हणजे समोरची लाथ, मारायला पाय उचलायलाच जागा नसते. आमच्या कुमितेत दोघींमध्ये दीड-दोन मीटर अंतर असतं, दोघींना माहीत असतं की लढत सुरू आहे, आणि पंच उभे असतात. प्रत्यक्षात त्रास सुरू होतो तो खेटून, बोलता बोलता, आणि ती लढत आहे हे समोरच्याने आपल्याला सांगितलेलं नसतं. म्हणून ब्राऊन बेल्टला येणारा तेक्की हा काटा मला सगळ्यांत आवडतो. स्पर्धेत तो कुणी करत नाही, कारण त्यात उडी नाही, लाथ जवळपास नाही, बघणाऱ्याला काही दिसत नाही. पाय फाकून उभं राहायचं आणि फक्त डावी-उजवीकडे सरकायचं. कोपर, मनगट, जवळचे छोटे फटके. ओकिनावात खऱ्या मारामाऱ्यांसाठी नाव कमावलेला माणूस म्हणजे मोतोबु चोकी. त्याचा आवडता काटा हाच होता. तिकडे त्याला नाइहांची म्हणतात. फुनाकोशींनी तर लिहून ठेवलंय की तेक्कीचे तिन्ही काटे खऱ्या अर्थाने शिकायला त्यांची दहा वर्षं गेली. आमच्याकडे तो काही महिन्यांत 'होतो'.

माझी एक विद्यार्थिनी कॉलेजला शेअर रिक्षाने जायची. शेजारच्या माणसाचं कोपर रोज नको तिथे यायचं. हे कोपर डोंबिवलीतली प्रत्येक बाई ओळखते. तिने मला विचारलं, "मॅडम, एम्पी मारू का?" एम्पी म्हणजे कोपराचा फटका. मी म्हटलं, मारू नकोस, आधी लाव. तेक्कीत कोपर जिथे येतं तिथे ते नुसतं धर, मध्ये बॅग ठेव, कंबर खाली बसव आणि सगळ्या रिक्षाला ऐकू जाईल असं म्हण, "दादा, सरकून बसा." तिने तसं केलं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. दादा सरकले. तिला जरा निराशा वाटली, असं तिने मला नंतर सांगितलं. मला मात्र तो तिचा उत्तम बुंकाई वाटला. बुंकाई म्हणजे काट्यातल्या हालचालीचा प्रत्यक्ष वापर.

आवाजाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. कराटेत किआई असते, ठरलेल्या जागी पोटातून दिलेली आरोळी. पालकांना ती नाटकी वाटते आणि मुलींना लाज वाटते. नव्या बॅचमध्ये मुलगे पहिल्या दिवशी ओरडतात, मुलींना कधी कधी महिने लागतात. घरी 'हळू बोल' ऐकत वाढलेल्या मुलीला मोठ्याने ओरडायला लावणं हा माझ्या कामातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि मी तो सर्वांत महत्त्वाचा मानते. घाबरल्यावर श्वास छातीत अडकतो, हातपाय थिजतात, नजर एका बिंदूवर रुतते. बोटांची नाजूक कामं जमेनाशी होतात. अशा वेळी डोक्याच्या उंचीची गोल लाथ शरीर विसरतं. पण ओरडताना श्वास बाहेर टाकावाच लागतो, आणि श्वास सुटला की पाय सुटतात. शिवाय आजूबाजूची माणसं वळून बघतात, ज्याची त्रास देणाऱ्याला अजिबात गरज नसते. माझ्याकडे येऊन 'मॅडम, उपयोग झाला' म्हणणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींना उपयोगी पडला तो हाच आवाज. ठोसा मारण्याचा प्रसंग क्वचितच आला. आणि ज्यांना मारावं लागलं त्यांना मी मुठीऐवजी तळहाताचा खालचा भाग, हातोडी-मूठ आणि कोपर वापरायला सांगितलेलं होतं. मूठ बांधून हाडावर मारायला कमावलेलं मनगट लागतं. ओकिनावात त्यासाठी घराबाहेर माकीवारा पुरलेला असायचा, भाताचा पेंढा बांधलेली लवचीक फळी, आणि तिच्यावर रोज ठोसे. आमच्या सोसायटीच्या आवारात फळी पुरायची म्हटलं तर सेक्रेटरी पोलीस बोलावतील. कच्च्या मुठीने कवटीवर मारलं तर करंगळीमागचं हाड आपलंच मोडतं.

फुनाकोशींच्या आत्मचरित्रातले दोन प्रसंग मी मोठ्या मुलींना आवर्जून सांगते. पहिला तरुणपणचा. सासुरवाडीला पूर्वजांपुढे ठेवायला मिठाई घेऊन जाताना रात्री दोन लुटारू आडवे आले. कराटेत तयार झालेल्या या माणसाने मिठाई देऊन टाकली आणि वाट धरली. हे कळल्यावर इतोसु आणि आझातो या दोन्ही गुरूंनी त्याची पाठ थोपटली. दुसरा प्रसंग ऐंशीच्या घरातला, महायुद्धानंतरच्या तोक्योमधला. एका चोराने अंधारात झडप घातली. म्हाताऱ्याने वार चुकवला, त्याला जांघेत पकडलं आणि पोलीस येईपर्यंत सोडलं नाही. चोर युद्धावरून परतलेला बेकार सैनिक निघाला. फुनाकोशींना नंतर त्या पकडीचा पश्चात्ताप झाला. पश्चात्तापाचा भाग मी मुलींना सांगते खरी, पण त्यावर भर देत नाही. पकडीवर देते. जगप्रसिद्ध गुरूला अडचणीच्या क्षणी जे सुचलं ते कोणत्याच परीक्षेत नाही, आणि मिठाई देऊन टाकणंही नाही. पर्स मागितली तर पर्स फेका आणि उलट्या दिशेने पळा, हे मी ब्लॅक बेल्टलाही सांगते.

मग एक बाई. मुलीला सोडायला यायची आणि भिंतीशी बसून राहायची. आयांची बॅच सुरू केली तेव्हा ती पहिल्या दिवशी आली. मनगट, खांदा, गळा, सगळ्या पकडी झाल्या. वर्ग संपल्यावर थांबून म्हणाली, "ताई, मागून केस धरले तर काय करायचं, ते परत दाखवा ना." मी दाखवलं की केस धरलेल्या हातावर आपले दोन्ही हात दाबून तो हात डोक्याशीच अडकवायचा, म्हणजे ओढ कमी लागते, आणि मग त्याच्याकडेच वळायचं. ती म्हणाली, "पण समोर ओटा असेल तर?" तिने उभं राहून जागा दाखवली, ओटा इथे, फ्रीज इथे, दार तिकडे. रस्त्यावरच्या कुणाबद्दल ती बोलत नव्हती.

या प्रश्नापुढे माझा काळा पट्टा फार कामाचा नाही. त्या माणसाचा हात सोडवून ती जाणार कुठे, तर त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदवलेल्या प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. आम्ही मात्र सगळा सराव अनोळखी गुंडावर करतो. मी तिला पकड सोडवायला शिकवलीच. पण त्याबरोबर 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, संरक्षण अधिकारी आणि 181 ही महिला हेल्पलाइन, हेही लिहून दिलं. तेव्हापासून प्रत्येक आयांच्या बॅचमध्ये शेवटचा अर्धा तास आम्ही बसून बोलतो. ओळखीच्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं, पहिल्या धक्क्यानंतर काय करायचं, कागद कुठे ठेवायचे. काही कराटेवाले मित्र म्हणतात, हे आपलं काम नाही. मला वाटतं, हेच आहे.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. तो 2015 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं होतं, पण त्यात मारामारी हा एक भागच होता. बाकीचा वेळ धोका ओळखणं, ओळखीच्या मुलाविरुद्ध बोलताना मनात येणारा संकोच आणि स्वतःला काय हवं-नको ते ठरवणं यावर गेला. वर्षभरानंतर प्रशिक्षण घेतलेल्यांत बलात्काराचं प्रमाण 5.2 टक्के होतं, न घेतलेल्यांत 9.8 टक्के. बारा तासांत एवढा फरक पडतो हे वाचून मी चकित झाले, कारण आपल्याकडे 8 मार्चला कंपन्या दोन तास देतात. त्या दोन तासांत भाषण, फोटो, शेवटी मंगलोरी कौलं फोडणं. कौलं फोडण्याला माझा विरोध नाही, मुलींना त्यातून धीर येतो. पण त्यानंतर जाहीर होतं की आता आमच्या महिला कर्मचारी सुरक्षित आहेत, आणि तिथे मला उठून जावंसं वाटतं. पंचेचाळीस किलोच्या मुलीला ऐंशी किलोच्या माणसाबद्दल खोटा विश्वास देणं तिला काहीच न शिकवण्यापेक्षा वाईट.

दुसरीकडे स्पर्धा. शालेय स्पर्धा, जिल्हा, विभाग, दहावी-बारावीचे क्रीडागुण. त्यावरच माझा क्लास चालतो, म्हणून तोंड वाकडं करायचा मला अधिकार नाही. संघटनांची भांडणं हा वेगळा लेख होईल, तो मी लिहिणार नाही. पण स्पर्धा आणि बचाव यांतलं अंतर बघायचं असेल तर तोक्यो ऑलिम्पिकमधली 7 ऑगस्ट 2021 ची पुरुषांची अंतिम लढत बघा. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता. त्याच्या लाथेने इराणचा सज्जाद गंजझादे बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून बाहेर गेला, आणि सुवर्णपदक त्यालाच मिळालं. हमेदी अनियंत्रित प्रहारासाठी बाद झाला. नियमाप्रमाणे निकाल बरोबर होता. खेळात फटका टेकण्याआधी थांबवता येणं हेच कौशल्य. पण वर्षानुवर्षं थांबायचाच सराव केलेलं शरीर वेळेला थांबेलच. म्हणून माझ्याकडे आठवड्यातून एक दिवस पॅडवर मारायचा असतो, पूर्ण ताकदीने, न मोजता.

त्याच दिवशी कायदाही सांगते, कारण मुलग्यांना तो जास्त लागतो. भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क 34 ते 44 या कलमांत आहे. बचावापुरतीच इजा, जास्त नाही, आणि सरकारी मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगांत तो हक्क समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जातो. पण समोरचा पडल्यावर मारलेली चौथी लाथ गुन्हा ठरू शकते. ब्राऊन बेल्टच्या मुलाला हे कळलं पाहिजे.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे. उपयोग होतो. पण निदान दोन वर्षं हवीत, वर्गात दर आठवड्याला जोडीने खरं धरणं-सोडवणं हवं, आणि घरी मुलीच्या मोठ्या आवाजाला 'हळू' म्हणणं बंद व्हायला हवं. शेवटची अट पालकांची, तिची फी मी घेत नाही.

क्लास निवडताना बेल्ट परीक्षेचं वेळापत्रक विचारण्याआधी एक-दोन दिवस बाहेर बसून बघा. मुली ओरडतात का? एखादी 'मला हा सराव नको' म्हणाली तर सर तिचं ऐकतात का? हात लावून पवित्रा सुधारण्याआधी विचारतात का? पालकांना आत बसायची परवानगी आहे का? ती नसेल, दार बंद ठेवून शिकवत असतील, तर भिंतीवर कितीही पदकं टांगलेली असोत, तिथे मुलीला घालू नका.